माणसं चार, झाडं सात

१

पैज रजतनं लावली. पण हो मी म्हटलं, म्हणून पहिली चूक माहीच.

रजत म्हंजे माह्या मावशीचा पोरगा. नालवाडीत आमचे दोघायचे घरं पाठीले पाठ लावून आहे. मी दहावीत गणितात गेली, तो बारावीत सगळ्यातच गेला, म्हणून आमचं जमते. त्या दिवशी ओट्यावर बसून आम्ही तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या खाऊन राह्यलो होतो, अन् मी फुशारकी मारून राह्यली होती का म्युझियममधल्या दगडाच्या बाईले मी लिपस्टिक लावली अन् तीन दिवस कोणालेच समजलं नाई.

"दगडाले काय, कोणीपण लावन," रजत म्हणे. "दम असन त त्या जपानी चित्रात एक माणूस वाढवून दाखव. पाहणाऱ्याले पत्ता नाई लागला पाहिजे."

"अन् हारला त?"

"हारलो त महिनाभर तुह्या चपला मी धुईन. हारली त तू माह्या धुवाच्या."

नळावर उकिडवा बसून माह्या चपला घासणारा रजत मले डोळ्यासमोर दिसला. तेवढ्यासाठीच हो म्हटलं.

म्युझियम म्हंजे मोठं काई नाई. एका ट्रस्टचं आहे. दोन हॉल, एक ऑफिस, अन् ऑफिसाच्या आत कपाटाची खोली. जाते, चरखे, पितळी घंगाळं, फुटक्या मूर्ती. माही माय, शकुंतलाबाई, तिथं झाडझूड करते. सोमवारी सुट्टी राह्यते तवा सगळ्या फ्रेमा खाली उतरवून पुसाव्या लागते. मायचा खांदा धरते, म्हणून उतरवाचं काम माह्याकडे.

जपानी चित्र मागच्या हॉलात कोपऱ्यात होतं. वहीचे दोन पानं उघडले त तेवढं. लाकडावर कोरून ठशानं छापलेलं, असं खाली पाटीवर लिहिलं होतं. कोण्या जपानी पाहुण्यानं लय वर्षाआधी देल्लं म्हणे. नुसता बर्फ. एक लाकडी पूल, खाली काळंनिळं पाणी, त्यात एक होडी. पलीकडे घरं, छपरावर हात-हात बर्फ चढलेला. अन् पुलाकडे जाणारे चार माणसं, पाठमोरे, डोक्यावर टोपल्यावाणी टोप्या.

मे महिना होता. वर्धेत शेहेचाळीस. बर्फ म्हटला का आमाले फक्त गोळेवाल्याचा माहीत.

माय बाहेर बादली भराले गेली. मी फ्रेमच्या मागच्या पट्ट्या उचकटल्या, पुठ्ठा काढला, कागद हातात घेतला. बारीक टोकाचा काळा पेन आणलाच होता. चेहरा मले जमत नाई, म्हणून पाठमोराच काढला. चौघाच्या मागे, पाचवा. टोपी काढाले गेली अन् मले हासू आलं. टोपीच्या जागी डोक्याले दुपट्टा बांधला. हातात तीन पुडाचा डबा देल्ला. डावा खांदा जरासा खाली उतरवला.

तानबाकाका झाला. हुबेहूब.

२

तानबाकाका म्युझियमचा जुना माणूस. एकतीस वर्षापासून तिथंच. दारं उघडणं, दारं लावणं, अन् आतल्या कपाटाची किल्ली सांभाळणं. किल्ली त्याच्या करदोड्याले बांधली राह्यते, आंघोळीलेही निघत नाई. मी त्याचा चष्मा माठात टाकला होता एक डाव. दोन दिवस त्यानं काई विचारलं नाई. तिसऱ्या दिवशी म्हणे, "बाई स्वीटे, मानूस पानी पेते त्यात चष्मा नोको टाकू. चपलीत टाकत जा." त्याच्यावर मस्करी करून मजा येत नाई असा माणूस.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोहिनी मॅडम अन् तानबाकाका एक काम करते. मॅडम म्हंजे म्युझियमच्या मुख्य. आतल्या कपाटाले दोन कुलपं, एकाची किल्ली मॅडमकडे, एकाची काकाकडे. खण बाहेर ओढाचा, कसर लागली का पाहाची, कडुनिंबाचा पाला बदलाचा. अन् मोजाचं. काका मोजून बोलते, मॅडम रजिस्टरात लिहिते. कोण्या वस्तूचे किती दात, किती कान, कुठं चीर. शाळेतल्या हजेरीवाणी.

त्या शनिवारी मी खिडकीखाली झाडू घेऊन बसली होती. मले वाटलं, आज काका फ्रेमपाशी येईन, मोजन, अन् स्वतःलेच मोजन. मी पदर तोंडात... म्हंजे ओढणी तोंडात कोंबून तयार होती.

आतून आवाज आला.

"जपानी चित्र. होडी?"

"एक."

"झाडं?"

"सात."

"घरं?"

"पाच."

"माणसं?"

काका बोलला नाई. एकतीस वर्ष ज्या ठिकाणी 'चार' येते, तिथं काईच आलं नाई. पंख्याचा आवाज तेवढा.

"तानबाजी, माणसं?"

"मॅडम," काका म्हणे, "पाच होऊन राह्यले."

मी हासाले तोंड उघडलं अन् तसंच राह्यलं. कारण खिडकीतून मले समोर मागचा हॉल दिसून राह्यला होता. कोपऱ्यात फ्रेम भिंतीवर टांगलेली होती. तिले कोणी हातही लावला नव्हता.

मंग काकाच्या हातात काय होतं?

मायले विचारलं. माय म्हणे, "ते? खरं चित्र कपाटातच राह्यते वं. उजेडानं रंग उडते म्हणून. बाहेर भिंतीवर कलर झेरॉक्स लावली आहे, सहा वर्ष झाले. तुले माहीत नव्हतं काय?"

मले माहीत नव्हतं. कोणालेच माहीत नाई. पाटीवर तसं लिहिलं नाई.

म्हंजे मी माणूस काढला झेरॉक्सवर. अन् मोजून राह्यले होते ते कपाटातलं. दोन कुलपाच्या आतलं.

३

मॅडमनं भिंग आणलं. मंग कागद पालथा केला. मी चहाचे कप उचलाच्या बहाण्यानं आत गेली होती.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. त्या शाळेतल्या बाईवाणी बोलते. "ठशाच्या चित्रात कागद मागून घासतात. रंग कागदात मुरतो, मागे उमटतो. ही चार माणसं मागून दिसतात. आणि हा पाचवाही दिसतो. म्हणजे हा पेननं नंतर काढलेला नाही. हा छापतानाच छापलाय."

मी वाकून पाह्यलं. दुपट्टा होता. डबा होता. डावा खांदा खाली होता. माह्या पेनची रेघ जराशी थरथरली होती मानेपाशी, तिथंही थरथरलेलीच होती. पण पेनची नव्हती. त्या चौघाच्या रंगातली होती, जुनी, कागदात शिरलेली.

अन् एक गोष्ट जास्तीची होती. बर्फात पावलं होते. चौघायच्या मागे आहे तसेच, त्याच्याही मागे. मी पावलं काढलेच नव्हते. ते चित्राच्या कडेपासून नव्हते सुरू झाले. त्याच्याही बाहेरून, जिथं कोरा पांढरा काठ आहे, तिथून आले होते.

मंग मॅडम बाहेर हॉलात गेल्या. फ्रेमपुढे उभ्या राहून चष्मा वरखाली केला. परत आल्या तवा त्यायचं तोंड बदललं होतं.

"तानबाजी, झेरॉक्समध्येही पाच आहेत."

काका कागदावर वाकून परत मोजाले लागला.

"झेरॉक्स सहा वर्षांपूर्वी काढली. म्हणजे तेव्हाही पाच होते. आणि तुम्ही दर महिन्याला मला चार सांगत आलात."

मले तवाच बोलाले पाहिजे होतं. माह्या हातात कप होते. कप वाजाले लागले म्हणून मी बाहेर निघून गेली.

दुपारी ट्रस्टचे वासुदेवराव आले. त्यायले चित्रातलं काई समजत नाई, माणसातलं समजते असं त्यायले वाटते. ते सरळच बोलले, "खरं चित्र गेलं. चार माणसायचं विकलं कोणीतरी, अन् पाच माणसायची नक्कल ठेवली. आता सांगा, एकतीस वर्ष किल्ली कोणाच्या कमरेले होती?"

"एक किल्ली माझ्याकडेही असते," मॅडम म्हणाल्या.

"तुमाले येऊन आठ वर्ष झाले, मॅडम."

काकाची नोकरी जूनच्या शेवटी संपणार होती. हार, नारळ, फोटो, सगळं ठरलं होतं. आता ठरलं का पुढच्या शनिवारी कमिटीसमोर परत मोजाचं, अन् तवाही पाच निघाले त पोलिसात द्याचं.

काका एवढंच म्हणे, "साहेब, मी रोज नाई पाह्यलं असन. पन जवा पाह्यलं तवा चारच होते."

४

मले पहिला डाऊट रजतवर आला. दुसरा कोण करन?

"तू आत घुसलता ना बे? खरं सांग."

"मी कायले घुसू?" रजत म्हणे. "मी त त्या म्युझियमच्या गेटातही नाई जात. तुही माय मले झाडूनं मारते."

"मंग आतल्या चित्रात माणूस आला कसा?"

"तूच काढला ना?"

"मी झेरॉक्सवर काढला!"

रजत जरा वेळ कैरीची कोय चोखत बसला. "म्हंजे पैज कोण जिंकलं?" म्हणे. मी त्याच्या पाठीत एक देल्ली.

मंग मॅडमवर डाऊट आला. त्यायनं माही झेरॉक्स पाह्यली असन, जपानवरून तशीच एक छापून आणली असन... चार दिवसात? मंग काकावरच आला. का खरंच चित्र विकलं असन त्यानं? पण मी काढलेला दुपट्टा, मी काढलेला डबा, सोमवारी काढलेला, जपान्यानं आधीच कसा छापला असन? डोक्श्यात गणितावाणी गुंता झाला, अन् गणितात मी पास होत नाई.

मी युक्ती केली. रविवारी माय बाहेर असतानी कपाटाच्या खोलीत पीठ चाळणीनं चाळून टाकलं, पातळसं, जमिनीच्या रंगात दिसनही नाई असं. खणाच्या फटीत माहा एक केस थुंकी लावून चिकटवला. कोणी येईन त सापडन.

सोमवारी पाह्यलं. पिठावर मुंगीचंही पाऊल नव्हतं. केस जिथल्या तिथं.

फक्त केस ओला होता. माही थुंकी कवाचीच वाळली असती. तो केस ताठ होता, अन् बोट लावलं त तुटला. काडीवाणी. मोडला.

मंगळवारी काका माठापाशी बसलेला दिसला. बाहेर लू वाहून राह्यली होती, कूलरची वाळ्याची जाळीही गरम वाफ फेकून राह्यली होती. अन् काकानं स्वेटर घातलं होतं. हिवाळ्यातलं, बिस्किटी रंगाचं, बटना लावून.

"काका, वेडे झाले काय?"

"थंडी वाजून राह्यली वं." त्यानं हात पुढं केला. "पाह्य."

मी हात लावला अन् मागे घेतला. माठाच्या बुडाले हात लावल्यावाणी.

"मलेरिया असन," मी म्हटलं.

"असन." तो पायाकडे पाहून राह्यला होता. "सपान पडून राह्यलं स्वीटे. चालूनच राह्यलो. पाय रुतते. म्होरं चार जन आहे, आवाज देतो त कोनी मांगं पाह्यत नाई." मंग म्हणे, "त्या चित्रातल्या पाचव्याचा खांदा पाह्यला तू? डावा?"

मी माठातून पाणी घेतलं. गिलास काठोकाठ भरला तरी घेतच राह्यली.

"पोरपनी झाडावून पडलतो मी. तवापासून असाच आहे खांदा." त्यानं माह्याकडे पाह्यलं. रागानं नाई. "तुले चित्र बरं जमते ना वं बाई?"

"नाई," मी म्हटलं. "मले काईच जमत नाई."

"बरं," काका म्हणे.

त्यानं कोणाले काई सांगतलं नाई. ते मले जास्त लागलं.

५

आता माह्या हुशारीचा भाग.

मी विचार केला, काकावर आळ कशानं आला? झेरॉक्सात पाच दिसले म्हणून. झेरॉक्सात चार झाले, म्हंजे काका खोटं बोलला नाई हे साबित. आतल्या चित्राचं मंग ते पाहून घेईन, मोठे लोक आहे. अन् मले कोणाले काई सांगाचं कामच नाई. मायची नोकरीही राह्यन.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी व्हाइटनरची बाटली घेऊन मागच्या हॉलात गेली. खिडक्या बंद, पडदे लावलेले, उन्हाची एक पट्टी फरशीवर पडलेली. माय बाहेर निंबाखाली डबा खाऊन राह्यली होती, तिच्या बांगड्या मले ऐकू येऊन राह्यल्या होत्या. मी फ्रेम उतरवली, पट्ट्या काढल्या.

तो तिथंच होता. चौघाच्या मागे. पण मले वाटलं, मी काढला तवा तो जरा दूर होता. आता चौथ्याच्या जवळ पोचला होता. माह्या लक्षात नसन, असं मी स्वतःले म्हटलं.

व्हाइटनरचा ब्रश पहिल्यांदा डोक्यावर टेकवला. दुपट्टा गेला. मंग पाठ. डबा. पाय. बर्फावर बर्फ, कोणाले दिसन? एक थर बसला, काळं जरासं झिरपलं, म्हणून दुसरा देल्ला. मंग तिसरा. जाड.

तवा एक आवाज झाला.

सेलूले जिनिंगमध्ये मामा कामाले होता तवा मी पाह्यलं होतं. कापसाची गंजी घरायेवढी उंच राह्यते, अन् कवा कवा एक बाजू आपोआप खाली येते. आवाज मोठा नाई राह्यत. भस्स, एवढाच. पण खाली कोणी असलं त संपलं, म्हणून पोट्ट्यायले तिकडं जाऊ देत नाई.

तसा आवाज. लय जवळून. कागदाच्या आतून म्हणलं तरी चालन.

मायच्या बांगड्यायचा आवाज थांबला होता. मी फ्रेम टांगली अन् पळाली.

६

काका पोर्चमध्ये पडला. त्याच दिवशी, चार वाजता. डबा हातातून सुटून पायऱ्यायवर गडगडत गेला.

नलूकाकी, त्याची बायको, म्युझियमच्या मागं त्यायची राह्याची खोली आहे तिथून धावत आली. ऊन लागलं म्हणून तिनं कांदा फोडला अन् तळपाय घासाले लागली. इकडं उन्हाळ्यात सगळे तेच करते. पण घासता घासता तिनं हात थांबवले अन् मायकडे पाह्यलं. "शकुंतला," म्हणे, "याचे पाय पाह्य वं."

पाय पांढरे पडले होते. सुरकुतलेले, लय वेळ पाण्यात राह्यल्यावाणी.

काका शुद्धीवर होता. एवढंच म्हणे, "छातीवर लय वजन आहे. काढा कोनी." दोन डाव म्हणे. मंग ॲम्ब्युलन्स आली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणे ऊन लागलं. काकीनं विचारलं, मंग आंग थंड काऊन? डॉक्टर म्हणे, पाहतो.

जाताजाता काकीनं करदोड्याची किल्ली सोडून मॅडमच्या हातात देल्ली होती. गुरुवारी मॅडमनं दोन्ही कुलपं स्वतःच उघडली, मायले साक्षीले उभं केलं, मायच्या मागे मी. खण ओढला. पातळ कागद उचलला. मॅडमनं बोट न टेकवता मोजलं. परत मोजलं.

"चार," त्या म्हणाल्या. "शकुंतलाबाई, चार आहेत."

बाहेर जाऊन फ्रेम पाह्यली. तिथंही चार. त्या खुर्चीत बसल्या अन् चष्मा काढून डोळे चोळाले लागल्या. फोनवर वासुदेवरावचा आवाज मलेही ऐकू आला, "अहो, चष्म्याचा नंबर पाहून घ्या एकदा! बिचाऱ्या तानबाले फुकट..."

माय खूश झाली. मॅडम जवळजवळ रडल्या. काकाचं नाव साफ झालं. खण लावला नव्हता अजून. मी पुढे जाऊन पाह्यलं.

चार माणसं. त्यायच्या मागे एक ढिगारा. बर्फाचा, लांबट, खाटेवर माणूस पांघरूण घेऊन निजला त दिसते तेवढा. पावलं काठापासून येऊन त्याच्यापाशी थांबत होते. ढिगाऱ्याच्या वरच्या टोकाले एक कापडाचा कोपरा बाहेर राह्यला होता. दुपट्ट्याचा.

रजिस्टरात होडीचा कॉलम आहे, झाडायचा आहे, घरायचा आहे. ढिगाऱ्याचा नाई.

७

आता मले काईच कराचं नव्हतं, हे समजून घ्या. सगळे खूश. पोलीस नाई. मायची नोकरी आहे. मी गप बसली त जिंदगीभर कोणाले पत्ता लागला नसता. फक्त दवाखान्यात एक म्हातारा माणूस होता, अन् नलूकाकी म्हणत होती का तो बोटानं चादर खरडते, अन् दम कमी कमी होऊन राह्यला.

शुक्रवारी सुट्टीच्या वेळेत मी परत फ्रेम उतरवली. ब्लेड आणलं होतं, पण हिंमत नाई झाली. ब्लेडनं काय कापलं जाईन, कोणाले माहीत? नखानं खरडाले लागली. व्हाइटनर कडक झालं होतं, टवके निघाले, अन् प्रत्येक टवक्याच्या खाली जरासं काळं. खांद्याची रेघ. ते पाहून मले एवढं बरं वाटलं का मी जोरात खरडाले लागली.

पाच मिनिटं झाले असन. बोटं सुन्न पडले. मले वाटलं रग लागली. हात झटकले त बोटं एकमेकायवर वाजले. टोकं निळसर झाले होते. नखात पांढरं अडकलं होतं, ते व्हाइटनर होतं असं मी समजली. मी हात तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली.

नखातलं पांढरं पाणी होऊन मनगटावून वघळलं.

"स्वीटे!" माय दारात उभी होती. "कायले हात लावून राह्यली त्या फ्रेमले? उद्या कमिटी येऊन राह्यली न!"

मी फ्रेम टांगली. अर्धा खांदाच मोकळा झाला होता.

८

शनिवारी वासुदेवराव पांढऱ्या कपड्यात आले. प्रकरण मिटवाचं होतं, एक डाव मोजाचं, रजिस्टरात लिहाचं, सही. चहा अन् खाले गरम आलुपोंगे सांगतले होते. नलूकाकीचा सकाळी फोन आला होता का रात्रीपासून नळी लावली आहे.

मॅडमनं खण ओढला. मंग रजिस्टर उघडलं अन् इकडं तिकडं पाह्यलं. मोजणारा नव्हता. एकतीस वर्षात पहिल्यांदा.

"स्वीटी, तू ये," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे चांगले आहेत. तू मोज, मी लिहिते."

मायनं माही ओढणी ठीक केली. तिले कौतुक वाटलं होतं. मी कपाटापाशी गेली. खणातून गारवा येऊन राह्यला होता, फ्रीजचं दार उघडल्यावाणी, पण कोणी काई म्हटलं नाई.

"होडी?"

"एक."

"झाडं?"

"सात."

"घरं?"

"पाच."

"माणसं?"

चार माणसं पुलावर पोचले होते. मागे ढिगारा होता. एका बाजूनं तो खणलेला होता, अर्धा खांदा मोकळा दिसून राह्यला होता, डावा, खाली उतरलेला.

अन् ढिगाऱ्यापाशी कोणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. लहान. पाठमोरं. दोन वेण्या, ओढणी कमरेले बांधलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात. मी तिले काढलं नव्हतं. कोणीच काढलं नव्हतं. पण ती कागदात मुरलेली होती, अन् तिच्या मागेही पावलं होते, काठापासून आलेले. चौघं पुलावून पलीकडे चालले होते अन् कोणीच मागे पाहून राह्यलं नव्हतं.

माह्या बोटायले काईच लागून राह्यलं नव्हतं. मी ते मुठीत धरले तरी नाई.

"चार ना?" वासुदेवराव खुर्चीवूनच म्हणे. पोंगा खाऊन राह्यले होते. "लिहा न मॅडम, चार."

मॅडमनं पेन टेकवला. मायनं हासून मले मान हालवून दाखवली. बोल न पोट्टे.

चार म्हणाले दोनच अक्षरं लागते.

"नाई," मी म्हटलं. "सहा आहे."

"काय?"

"चार ते. अन् एक बर्फाच्या खाली आहे, तो तानबाकाका आहे. त्याले चित्रात मी टाकला, मॅडम. बाहेरच्या झेरॉक्सवर, पेननं. पैजेसाठी. काकानं काई केलं नाई, तो एकतीस वर्ष बरोबरच मोजून राह्यला होता. अन् हे लपवाले मी वरून व्हाइटनर लावलं, तीन डाव लावलं, म्हंजे त्याले गाडलाही मीच." मायच्या हातातला कप फुटल्याचा आवाज आला, मी तिकडं पाह्यलं नाई. "अन् ती खणून राह्यली न, वेण्यावाली, ते मी आहो. फ्रेम खाली काढा, मॅडम, लवकर काढा. माह्या एकटीच्यानं होत नाई."